राजगुरुनगर परिसरातील भीमा नदी व मासेमारी : स्थानिक इतिहासाच्या साधनांचा परिचय

प्रस्तावना

भीमाशंकरच्या डोंगरात उगम पावलेली भीमा भोरगिरी, चास या गावांच्या परिसरातून वाहत राजगुरुनगरला, म्हणजे पूर्वीच्या खेडला येते. पुढे भामा, इंद्रायणी, मुळा-मुठा, घोड अशा नद्यांचे पाणी घेऊन, पंढरपूरला चंद्रभागा हे नाव धारण करून, सुमारे ८६० किलोमीटरचा प्रवास संपवून ती कर्नाटकात रायचूरजवळ कृष्णेस मिळते. मराठी लेखनात या नदीची दोन रूपे ठसठशीतपणे दिसतात. एक रूप तीर्थाचे आहे आणि दुसरे धरणाचे. चासच्या घाटाची व सोमेश्वर मंदिराची माहिती पेशवाईच्या अभ्यासकास असते, कारण चास हे पहिल्या बाजीरावाची पत्नी काशीबाई हिचे माहेर होय. चासकमान धरणाची साठवण किती, हे शेतकऱ्यास ठाऊक असते. परंतु या नदीत जाळे टाकून ज्यांनी पिढ्यान्‌पिढ्या पोट भरले, त्यांच्या व्यवसायाचा इतिहास कोणत्याही एका ग्रंथात सापडत नाही.

याचा अर्थ साधने नाहीत असा नव्हे. ती आहेत, मात्र ती मासेमारी या शीर्षकाखाली नाहीत. काही जातिवर्णनात आहेत, काही प्राणिशास्त्राच्या नियतकालिकात, काही महसुली दफ्तरात, काही प्रदूषणाच्या अहवालात, आणि बरीचशी माणसांच्या स्मरणात आहेत. खेड तालुक्यात राजगुरुनगर, चाकण व आळंदी ही तिन्ही गावे येतात. म्हणजे नदीकाठचे जुने गाव, औद्योगिक वसाहत व तीर्थक्षेत्र एकाच तालुक्यात आहेत. त्यामुळे येथील महाविद्यालयीन अध्यापकांस हा विषय हाताळण्याची अनुकूलता इतरत्र क्वचित मिळेल. प्रस्तुत लेखात या विखुरलेल्या साधनांचे स्वरूप, त्यांचे मोल व त्यांच्या मर्यादा स्पष्ट करण्याचा प्रयत्न केला आहे.

गॅझेटियर व जातिवर्णने

स्थानिक इतिहासाचा अभ्यासक प्रथम ज्याकडे वळतो तो ग्रंथ म्हणजे जेम्स कॅम्पबेल यांच्या संपादनाखाली सिद्ध झालेल्या मुंबई इलाख्याच्या गॅझेटियरचा पुणे जिल्ह्यावरील अठरावा खंड. तो १८८५ मध्ये तीन भागांत प्रसिद्ध झाला. त्यात मासे एका ठिकाणी आणि मासे धरणारे दुसऱ्या ठिकाणी आढळतात. मासे जिल्ह्याच्या नैसर्गिक उत्पन्नात मोडतात, तर भोई, कोळी इत्यादी समाज लोकसंख्येच्या प्रकरणात येतात. या दोहोंचा सांधा गॅझेटियरकाराने जुळविलेला नाही. तो वाचकास जुळवावा लागतो.

भोई समाजाचे वर्णन या दृष्टीने बोलके आहे. त्यांची ओळख प्रथम पालखी व मेणे वाहणारे अशी करून दिलेली असून मासेमारी हा त्यांचा जोडीचा धंदा म्हणून येतो. दख्खनच्या गॅझेटियरांत या समाजाच्या संदर्भात उन्हाळ्यात नदीपात्रातील वाळूत कलिंगडे व खरबुजे पिकविण्याचाही उल्लेख मिळतो. या तीन नोंदी एकत्र वाचल्या की नदीकाठच्या कुटुंबाचे वर्ष डोळ्यांसमोर उभे राहते. पावसाळ्याच्या आरंभी चढणीचे मासे, पावसाळ्यानंतर डोहातील मासेमारी, उन्हाळ्यात पात्रातील वाड्या आणि लग्नसराईत पालखी, असे ते वर्ष होते. मासेमारी हा त्यातील एक धागा होता. केवळ 'मच्छीमार' असा शिक्का मारून या समाजाचा अभ्यास केल्यास हे मिश्र स्वरूप निसटते. सडका सुधारल्या व १८५८ मध्ये पुण्यास रेल्वे पोहोचली, तेव्हा पालखीचे काम ओसरणे क्रमप्राप्त होते. त्यानंतर मासेमारीवरील भार वाढला असावा, हे अनुमान जनगणनेच्या व्यवसायविषयक कोष्टकांवरून तपासता येण्याजोगे आहे. १९३१ पर्यंतच्या जनगणनांत जातवार माहिती असल्याने हे काम विशेष अवघड नाही.

कोळी हा शब्द वाचताना अधिक सावधगिरी हवी. गावगाड्यात पाणी भरणारा बलुतेदार कोळी, किनारपट्टीवरील मासेमार कोळी आणि भीमाशंकर परिसरातील महादेव कोळी ही अनुसूचित जमात, हे तीन वेगळे समाज आहेत. खेड तालुक्याच्या पश्चिम पट्ट्यातील महादेव कोळी मुख्यतः डोंगरशेती करणारे होत. त्यांची मासेमारी घरच्या कालवणापुरती राहिली. नाव एक असल्याने कागदपत्रांत गोंधळ होतो आणि तो पुढे संशोधनातही शिरतो. त्रिंबक नारायण आत्रे यांच्या १९१५ मधील 'गाव-गाडा' या ग्रंथाचे साह्य अशा वेळी होते, कारण गावातील सेवा व हक्क यांची त्यांची जाण महसूल खात्यातील प्रत्यक्ष अनुभवावर आधारलेली आहे.

या संदर्भात डॉ. हॅरल्ड मान यांच्या १९१७ मधील दख्खनी खेड्याच्या पाहणीचाही उल्लेख करावा लागेल. त्यांनी निवडलेले पहिले गाव पिंपळे सौदागर हे होते. पवनेच्या काठचे हे गाव आज पिंपरी-चिंचवड महानगरपालिकेच्या हद्दीत असून गगनचुंबी गृहसंकुलांनी भरून गेले आहे. शंभर वर्षांपूर्वीचे जमीनधारण, कर्ज व उत्पन्न यांचे एवढे तपशीलवार चित्र जिल्ह्यातील फार थोड्या गावांचे उपलब्ध आहे. मान यांचा रोख शेतीवर आहे. तथापि नदीकाठचे अर्थजीवन समजून घेण्यासाठी तो आधार म्हणून घ्यावा लागतो.

साइक्स यांची मत्स्यसूची

प्रस्तुत विषयासाठी सर्वांत मौल्यवान साधन मात्र इतिहासाच्या ग्रंथालयात नसून प्राणिशास्त्राच्या ग्रंथालयात आहे. ईस्ट इंडिया कंपनीच्या सैन्यातील अधिकारी विल्यम हेन्री साइक्स यांची १८२४ मध्ये मुंबई सरकारने दख्खनची सांख्यिकीय माहिती गोळा करण्याच्या कामी नेमणूक केली. लोकसंख्या, जमीनधारा, पिके, हवामान, पक्षी, प्राणी अशा सर्व गोष्टींच्या नोंदी त्यांनी घेतल्या. पुढे ते कंपनीच्या संचालक मंडळाचे अध्यक्ष व ब्रिटिश पार्लमेंटचे सदस्य झाले. दख्खनच्या माशांवरील त्यांचा निबंध लंडनच्या प्राणिशास्त्र संस्थेने प्रथम १८३९ मध्ये संक्षेपाने व १८४१ मध्ये विस्ताराने प्रसिद्ध केला.

या निबंधातील मासे मुळा-मुठा, भीमा, घोड अशा भीमा खोऱ्यातील नद्यांतून मिळविलेले आहेत. साइक्स यांनी ज्या माशांना विज्ञानात प्रथमच नाव दिले, त्यांतील अनेकांसाठी त्यांनी लॅटिन वा ग्रीक शब्द शोधला नाही. नदीकाठी तो मासा ज्या नावाने ओळखला जाई, तेच नाव त्यांनी इंग्रजी कानाला जसे ऐकू आले तसे लिहिले. परिणामी बोगट, कोळस, मळ्या, खुद्री, शिंगटी, शिंगाळा, घोगरा, ताकरी, गुंगवारी, बालुकी, सांडखोळ हे शब्द जागतिक प्राणिशास्त्रात स्थिर झाले. लॅबिओ बोगट, हिप्सेलोबार्बस कोलस, गारा मुल्या, टोर खुद्री, मिस्टस सींगटी, स्पेराटा सींघाला, रिटा गोगरा ही नावे आज जगातील कोणत्याही मत्स्यसंग्रहालयात आढळतील. 'रोहटी' हे नाव तर संपूर्ण प्रजातीस मिळाले.

ही नावे टिकली कशी, हे येथे सांगणे अवश्य आहे. प्राण्यांच्या द्विनाम पद्धतीत पहिले नाव प्रजातीचे व दुसरे जातीचे असते. नव्या अभ्यासाने मासा एका प्रजातीतून दुसरीत हलविला, तर पहिला शब्द बदलतो. दुसरा शब्द मात्र प्रथम प्रसिद्धीच्या नियमानुसार शक्यतो तसाच राखला जातो. साइक्स यांनी बोगटास 'कोन्ड्रोस्टोमा' प्रजातीत घातले होते व खुद्रीस 'बार्बस' प्रजातीत. त्या दोन्ही वर्गवाऱ्या आता गेल्या आहेत. बोगट आणि खुद्री राहिले आहेत.

याच निबंधातील दुसरा नामसमूह याच्याशेजारी ठेवून पाहावा. ओगिल्बी, व्हिगोर्स, यॅरेल, चिल्ड्रेन या इंग्रज निसर्ग अभ्यासकांच्या सन्मानार्थ साइक्स यांनी काही माशांची नावे ठेवली. म्हणजे भीमा खोऱ्यातील माशांच्या शास्त्रीय नावांत व्यक्तींची नावे आहेत ती इंग्रजांची, आणि शब्द आहेत ते मराठी मासेमारांचे. ज्यांनी मासा धरला, त्याचे नाव सांगितले व त्याच्यासारख्या दिसणाऱ्या दुसऱ्या माशापासून तो वेगळा काढून दाखविला, त्यांची व्यक्तिनामे शास्त्रात उतरली नाहीत. तरीही त्यांच्या ज्ञानाचा लेखी पुरावा म्हणून ही नावेच शिल्लक आहेत. दख्खनच्या मासेमारांच्या बोलीचा एवढा जुना व स्थलनिर्देश असलेला शब्दसंग्रह अन्यत्र सहजी मिळणार नाही. १८३१ मध्ये प्रथम प्रसिद्ध झालेला मोल्सवर्थ यांचा मराठी-इंग्रजी शब्दकोश हाच काय तो त्याच्या जोडीस ठेवता येईल.

हे साधन वापरताना तीन अडचणी येतात. पहिली लिप्यंतराची. इंग्रजी वर्णांवरून मूळ उच्चार ठरविणे नेहमीच शक्य नसते. 'गोगरा' म्हणजे बहुधा घोगरा, कारण हा मासा पाण्याबाहेर काढल्यावर घोगरा आवाज करतो. पण 'पोटैल' व 'इच्कीया' यांचे मूळ रूप काय, हे कागदावर ठरणार नाही, नदीवर विचारावे लागेल. दुसरी अडचण स्थलनामांची आहे. 'मोटा मोला' म्हणजे मुळा-मुठा, 'सिरूर' म्हणजे शिरूर, 'पेरगाव' म्हणजे बहुधा भीमेकाठचे पेडगाव, हे जुळवून घ्यावे लागते.

तिसरी अडचण अर्थाची, आणि तिचे उत्तम उदाहरण 'मुसळा' या नावाचे आहे. शिरूरजवळ घोड नदीत मिळालेल्या एका माशाला साइक्स यांनी हे नाव दिले. पुढे ते कावेरीतील प्रचंड आकाराच्या महाशीर माशाला लावले गेले व अनेक दशके तसेच चालू राहिले. २०१३ मध्ये संशोधकांनी मूळ वर्णनाची छाननी करून 'मुसळा' हा महाशीर नसून कोळसाच्या प्रजातीतील मासा आहे असे दाखविले. २०१८ मध्ये कावेरीतील महाशीरास 'टोर रेमादेवी' हे स्वतंत्र नाव निश्चित झाले. नदीकाठचा शब्द त्याच्या ठिकाणापासून तोडल्यास विज्ञानाचीही किती काळ दिशाभूल होते, याचा हा धडा आहे. इतिहासाच्या अध्यापकांनी हे उदाहरण साधनचिकित्सेच्या तासिकेस जरूर वापरावे.

साइक्स यांच्यानंतर पुणे परिसरातील माशांच्या नोंदी थांबल्या नाहीत. मुंबईच्या निसर्ग इतिहास संस्थेच्या नियतकालिकात १९४२ मध्ये फ्रेझर यांनी पुण्याचे मासे या विषयावर लेखन केले. १९६३ मध्ये टोणपी व मुळेरकर यांनी, तर २००३ मध्ये वाघ व घाटे यांनी पुण्याच्या माशांची पाहणी प्रसिद्ध केली. इंद्रायणीच्या माशांवरील अभ्यास २०१२ मध्ये आला. भारतीय प्राणी सर्वेक्षण संस्थेने उजनी पाणथळीच्या प्राणिजीवनावर २००२ मध्ये, तर भीमाशंकर अभयारण्याच्या प्राणिजीवनावर २००९ मध्ये ग्रंथ काढले. या संस्थेचे पश्चिम विभागीय केंद्र आकुर्डी येथे आहे, ही गोष्ट तालुक्यातील महाविद्यालयांच्या फारशी ध्यानात आलेली दिसत नाही. या सूच्या कालक्रमाने मांडल्या की कोणता मासा कोणत्या दशकापासून नोंदीत दिसेनासा झाला, हे कळू लागते. मात्र न दिसणे म्हणजे नष्ट होणे नव्हे. पाहणी कोणत्या ऋतूत, कोणत्या जाळ्याने व नदीच्या कोणत्या भागात झाली, यावर बरेच अवलंबून असते.

महसुली व कायदेविषयक कागदपत्रे

पेशवेकालीन कागदपत्रांचा मोठा संग्रह पुणे पुरालेखागारात असून भारत इतिहास संशोधक मंडळाचा १९१० पासूनचा संग्रह त्यास पूरक आहे. बिगरशेती व्यवसायांवरील 'मोहतर्फा' या कराच्या नोंदी मासेमारांच्या शोधासाठी महत्त्वाच्या ठरतात. नावाडी, उतार, पालखीचे भोई यांच्या संबंधीच्या नोंदी पाहाव्यात. हे कागद मोडीत आहेत. मोडी जाणणारे अध्यापक महाविद्यालयात विरळ होत चालले असल्याने हा भाग बहुतांशी अस्पर्श राहिला आहे.

इंग्रजी अमदानीतील भूमापनाने शेताच्या बांधापर्यंतची मोजणी केली. पण पात्र हे सारा न देणारे क्षेत्र असल्याने ते नकाशावर पांढरेच राहिले. डोहांची नावे, उताराच्या जागा, मळई कोण कसतो, जाळी कोठे लावतात, यांपैकी काहीही त्यात नाही. जे सारा देत नाही ते दप्तरात येत नाही, हा त्या व्यवस्थेचा स्वभावच होता.

फ्रान्सिस डे यांचा १८७३ चा गोड्या पाण्यातील मासे व मासेमारीवरील अहवाल या बाबतीत अपवाद ठरतो. ठिकठिकाणच्या अधिकाऱ्यांना प्रश्नावली पाठवून मासेमारांची संख्या, त्यांचे इतर व्यवसाय, जाळ्याच्या आसाचा आकार, भातखाचरांत लावले जाणारे सापळे, बाजारातील पुरवठा यांविषयीची उत्तरे त्यांनी संकलित केली. त्यांचा मुख्य निष्कर्ष असा की बारीक आसाची जाळी व वीण घालण्यासाठी चढणारे मासे धरण्याची पद्धत यांमुळे मत्स्यसंपत्ती घटत आहे. हा अहवाल मासेमाराला बहुधा आरोपीच्या पिंजऱ्यात उभा करतो. उत्तरे देणारे अधिकारी होते, मासेमार नव्हते, हे लक्षात ठेवूनच तो वाचला पाहिजे. तरीही मासेमारीच्या तंत्राचे तपशील त्यात आहेत, आणि ते अन्यत्र नाहीत.

पुढे १८९७ चा भारतीय मत्स्यव्यवसाय कायदा आला. त्याने स्फोटके व विष वापरून मासे मारण्यास बंदी केली. गेळाची फळे किंवा रामेठ्याचा पाला पाण्यात ठेचून मासे गुंगविण्याची सह्याद्रीतील जुनी रीत त्यामुळे गुन्हा ठरली. उन्हाळ्यात आटलेल्या कोंडीत मर्यादित प्रमाणात चालणारी ही रीत आणि सुरुंगाची दारू यांत कायद्याने भेद केला नाही. महाराष्ट्र राज्याचा स्वतंत्र मत्स्यव्यवसाय अधिनियम १९६० चा आहे.

महाराष्ट्र जमीन महसूल संहिता, १९६६ मधील कलम १६५ कडे अभ्यासकांचे लक्ष क्वचितच जाते. शासनाच्या वा स्थानिक प्राधिकरणाच्या मालकीचे किंवा नियंत्रणाखाली नसलेल्या जमिनीत व पाण्यात जलसिंचनाचा, वहिवाटीचा आणि मासेमारीचा हक्क यांविषयी प्रत्येक गावातील रूढींची नोंद करण्याची तरतूद त्यात असून या नोंदीस 'वाजिब-उल-अर्ज' म्हणतात. आपल्या गावासाठी अशी नोंद झाली आहे काय, हे तहसील कार्यालयात विचारणे हा एखाद्या पदव्युत्तर विद्यार्थ्यासाठी चांगला लघुप्रकल्प होईल. नोंद नसल्यास ते उत्तरही इतिहासाचाच भाग समजावे.

धरणे, सहकार आणि बदललेले मासे

स्वातंत्र्योत्तर काळात साधनांचे स्वरूप पालटले. चासकमान, भामा-आसखेड ही धरणे, पात्रातील कोल्हापूर पद्धतीचे बंधारे आणि खाली इंदापूर-करमाळ्याकडे १९८० मध्ये पूर्ण झालेले उजनी यांमुळे वाहत्या नदीची मासेमारी जलाशयाची मासेमारी झाली. वाहत्या पाण्यात वीण घालण्यासाठी वर चढणाऱ्या माशांची वाट बांधांनी अडली. उन्हाळी आवर्तनांनी पात्रातील कलिंगडांच्या वाड्यांचा भरवसा राहिला नाही. वाळूउपशाने पात्राचा तळ खरवडला गेला. दुसरीकडे जलाशयांत मत्स्यबीज सोडण्याची योजना आली, ठेका आला, मच्छीमार सहकारी संस्था आल्या. सहकारी संस्थांच्या सभासद नोंदवह्या, 'क्रियाशील सभासद' ठरविण्याच्या याद्या, सर्वसाधारण सभेची इतिवृत्ते, मत्स्यव्यवसाय खात्याच्या बीज-संचयनाच्या नोंदी, ठेक्याचे करारनामे ही या काळाची प्रमुख साधने होत. पिढीजात मासेमार कोण आणि जलाशयावर हक्क कोणाचा, हा वाद या कागदांत जागोजाग उमटतो. धरणाखाली जमीन गेलेल्या शेतकरी कुटुंबांनीही उजनीवर मासेमारी पत्करली. त्यामुळे जात आणि व्यवसाय यांचे जुने समीकरण तेथे मोडले.

जलाशयांत सोडलेले कटला, रोहू, मृगळ हे मासे मूळचे गंगेच्या खोऱ्यातील. म्हणून भीमेवरील एखाद्या जुन्या नोंदीत 'रोहू' आढळल्यास थांबून विचार करावा. साइक्स यांचा 'रोहटी' आणि उत्तरेचा रोहू यांचा संबंध नाही. आफ्रिकेतील तिलापिया १९५२ मध्ये भारतात आणला गेला. उजनीवर त्याला 'चिलापी' म्हणतात, आणि भिगवणच्या मासळी बाजारात तोच मोठ्या प्रमाणावर दिसतो. परदेशी कार्प माशाला तर बाजारात सर्रास 'सायप्रिनस' असेच म्हटले जाते. एकोणिसाव्या शतकात मासेमाराचा मराठी शब्द लॅटिन झाला. विसाव्या शतकात खात्याच्या फायलीतील लॅटिन शब्द मासेमाराच्या तोंडी मराठी झाला. दोनशे वर्षांत ज्ञानाचा प्रवाह कोणत्या दिशेस वळला, हे या दोन नामसमूहांवरून जितके स्पष्ट होते तितके कोणत्याही अहवालावरून होणार नाही.

औद्योगिकीकरणाची साधने वेगळ्या भाषेत बोलतात. पिंपरी येथे १९५४ मध्ये हिंदुस्तान अँटिबायोटिक्स सुरू झाला. पुढे पिंपरी-चिंचवड व त्यानंतर भामा आणि इंद्रायणी यांच्या दरम्यान चाकणची औद्योगिक वसाहत विस्तारली. १९६९ च्या राज्य कायद्यानुसार १९७० मध्ये प्रदूषण नियंत्रण मंडळ स्थापन झाले. १९७४ मध्ये केंद्रीय जल कायदा आला. मंडळाच्या नोंदींत मासा प्रत्यक्ष दिसत नाही, तो आकड्यांतून ओळखावा लागतो. मत्स्यजीवनासाठी पाण्यात विद्राव्य प्राणवायू प्रति लिटर किमान ४ मिलिग्रॅम असावा, असा केंद्रीय मंडळाचा निकष आहे. एखाद्या तपासणी केंद्रावर हा आकडा कोणत्या महिन्यात व किती वेळा खाली गेला, हे पाहिले की त्या पट्ट्यात मासेमारी का थांबली, याचे निदान अर्धे उत्तर हाती येते. केंद्रीय मंडळाने २०१८ मध्ये प्रसिद्ध केलेल्या देशातील ३५१ प्रदूषित नदीपट्ट्यांच्या यादीत महाराष्ट्रातील ५३ पट्टे होते, आणि इंद्रायणी त्यांत होती. कारखान्यांबरोबरच शहरांचे प्रक्रिया न केलेले सांडपाणी हेही त्याचे मोठे कारण आहे.

डोह, ओव्या आणि आठवणी

देहू व आळंदी येथे इंद्रायणीच्या डोहातील माशांना अभय देण्याची परंपरा आहे. महाडजवळील वाळण कोंड, वाडा तालुक्यातील वैतरणेवरचे तिळसे येथेही देवतेच्या नावाने मासे राखले गेले. अशा राखीव डोहांत मोठ्या माद्या टिकून राहतात व त्यांची वीण खालच्या नदीला मिळते, असा या श्रद्धेचा व्यावहारिक परिणाम होतो. इंद्रायणीच्याच उगमाकडे लोणावळ्यास टाटांच्या वळवण तलावावर १९७० च्या सुमारास मत्स्यशास्त्रज्ञ डॉ. चं. वि. कुलकर्णी यांनी खुद्री महाशीराचे कृत्रिम प्रजनन यशस्वी केले. मात्र येथील बीज नंतर कावेरीत सोडले गेले आणि तेथील मूळ महाशीरास ते उपद्रवी ठरले, ही त्याची दुसरी बाजू होय.

मौखिक साधनांपैकी जात्यावरच्या ओव्यांचा संग्रह सर्वांत मोठा आहे. हेमा राईरकर व गी पॉत्व्हँ यांनी १९८० च्या दशकापासून पुणे जिल्ह्याच्या खेड्यांतून आरंभ करून एक लाखाहून अधिक ओव्या जमविल्या. 'परी' या ग्रामीण भारताच्या संग्रहालयामार्फत २०१७ पासून त्या क्रमाने खुल्या होत आहेत. भीमा-इंद्रायणीचे उल्लेख त्यांत विपुल आहेत. ओवी हे घटनेचे प्रमाण नव्हे. नदीकडे बायका कशा पाहत, याचे ते प्रमाण आहे. मासेमारीच्या लेखी साधनांत बाई जवळजवळ नाहीच, आणि मासळी बाजारात बसते ती मात्र बाईच. एवढ्या कारणासाठीही हा संग्रह चाळावा.

खरी निकड वृद्धांच्या मुलाखतींची आहे. चासकमानपूर्वीची वाहती भीमा ज्यांनी तरुणपणी जाळ्याने मोजली, ती पिढी आता उतारवयात आहे. त्यांना 'पूर्वी कोणते मासे मिळत?' असा मोघम प्रश्न विचारल्यास 'पुष्कळ मिळत' असे मोघम उत्तर मिळते. त्याऐवजी साइक्स यांची नामसूची व त्या माशांची चित्रे घेऊन जावे. कोणते नाव ऐकताच ओळखले जाते, कोणते चित्र पाहून वेगळेच नाव सांगितले जाते, कोणते दोन्ही ठिकाणी अनोळखी राहते, हे तीन रकान्यांत लिहावे. मृगाच्या पहिल्या लोंढ्याला चढणीचे मासे कोणत्या ओढ्याने वर जात, डोहांची नावे काय होती, त्यांतील कोणते डोह पाण्याखाली गेले व कोणते गाळाने बुजले, हे गावनकाशाच्या प्रतीवर त्यांच्याच समोर टिपून घ्यावे. शंभर-सव्वाशे वर्षांपूर्वी पांढरे सोडलेले पात्र अशाने भरता येईल. २००२ च्या जैवविविधता कायद्यानुसार प्रत्येक ग्रामपंचायतीत लोकजैवविविधता नोंदवही असणे अपेक्षित आहे. ही माहिती त्या नोंदवहीत गेल्यास ती महाविद्यालयाच्या कपाटात पडून राहणार नाही.

साधनांचा व्यावहारिक उपयोग

असे संकलन केवळ अभ्यासासाठी आहे, असे समजण्याचे कारण नाही. २००६ च्या वनहक्क कायद्यातील कलम ३ नुसार वननिवासी समूहांच्या सामूहिक हक्कांत जलाशयांतील मासे व इतर उत्पन्नाचा समावेश आहे. हे हक्क वनक्षेत्रापुरते आहेत. भीमाशंकरच्या पायथ्याशी राहणाऱ्या महादेव कोळी, ठाकर, कातकरी कुटुंबांस ते लागू होऊ शकतात. राजगुरुनगरच्या खालच्या अंगास भीमेवर उपजीविका करणाऱ्या भोई कुटुंबांस त्यांचा आधार सहसा मिळत नाही. त्यांना सहकारी संस्थेचे सभासदत्व, ठेका किंवा नुकसानभरपाई यांसाठी आपण पिढीजात मासेमार आहोत हे निराळ्या मार्गाने दाखवावे लागते.

या कायद्याच्या नियमांतील तेरावा नियम इतिहासाच्या अध्यापकांनी मुळातून वाचावा. दाव्यासाठी ग्राह्य पुराव्यांच्या यादीत गॅझेटियर, जनगणना, भूमापन व जमाबंदीचे अहवाल, नकाशे यांची नावे आहेत. त्याच यादीत गावातील वृद्धांचे लेखी घेतलेले निवेदनही आहे. अट एवढीच की ते वृद्ध स्वतः दावेदार नसावेत. म्हणून वनक्षेत्रालगतच्या गावांत मुलाखत घेणाऱ्या विद्यार्थ्याने निवेदकाचे वय, गाव, मुलाखतीची तारीख व स्थळ लिहावे, निवेदन त्यास वाचून दाखवून त्याची सही वा अंगठा घ्यावा, तो दावेदार आहे किंवा नाही याची स्वतंत्र नोंद करावी, आणि एक प्रत ग्रामसभेच्या वनहक्क समितीकडे द्यावी.